तीन चौकटी

आलुक, दुपारचे दोन वाजलेत
आणि बाहेर तोच अंधार, गेल्या तीन आठवड्यांचा.
इग्लुलिकच्या कचेरीत मी एकटी, हीटरची धुसफुस,
शाळेने टाकून दिलेला हा कंप्युटर,
आणि पडद्यावर तुझ्या अंत्यविधीची पत्रिका:
तुझा फोटो, तुझी टोपी, ते अर्धं हसू,
त्याखाली, जिथे तुझं नाव हवं,
तीन रिकाम्या चौकटी.

नंबर मात्र झटकन उमटला.
ई पाच, पुढे तीन आकडे,
लहानपणी सरकारने तुझ्या गळ्यात बांधलेला बिल्ला.
तुझ्या मुलीला तो हवाय, कोपऱ्यात, बारीक.
"तिकडे त्याला जरा हसू येईल," म्हणाली.
नंबराला कुठलाही फॉन्ट चालतो.
नाव अडून बसतं.

आफियाबाईंनी अक्षरं काढलीत आपली,
वर्गातल्या फळ्यावर काढतात तशीच, किंचित डावीकडे कललेली.
पेनड्राइव्ह लावला. हिरवी पट्टी सरकली, भरली.
फोल्डर उघडून पाहिलं तर सगळी आलेली:
त्रिकोण, आकडे,
कोपऱ्यात वर चढून बसलेली चिमुकली व्यंजनं.
पत्रिकेकडे परतले. तीन चौकटी.
फॉन्टच्या यादीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.
आफियाबाई नाहीत.

पाहुणा घरात आलाय, बूट काढलेत,
किटलीपाशी हात शेकत बसलाय,
आणि घरातलाच एक म्हणतो, कोणी आलेलं नाही.

इकालुइतला जुपीला फोन लावला. तो जेवत होता.
"मावशी, तू तो फक्त स्वतःपुरता बसवलायस.
सगळ्यांसाठी बसव. खाली बघ, लिहिलंय."
लिहिलं होतं खरंच. बसवला.
"तरी दिसत नाही रे."
"नाहीच दिसणार. प्रोग्राम उठतो तेव्हा
एकदाच हजेरी घेतो. मागून आलेला त्याच्या लेखी नाही.
झोपव त्याला. मग उठव."

आई सांगायची, उन्हाळ्यात जहाज यायचं,
वहीवाला उतरायचा, डोकी मोजायचा, जायचा.
जहाज गेल्यावर जन्मलेलं मूल
पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जन्मलेलंच नसायचं.
आईचं दूध प्यायचं, रांगायचं, दात काढायचं,
आणि वहीत नसायचं.

सेव्ह केलं. पुन्हा केलं, भरवसा नाही.
बंद केला प्रोग्राम.
निळा पडदा. तू क्षणभर कुठेच नव्हतास.
मग उघडला; म्हाताऱ्यासारखा कण्हत उठला तो,
एकेक फॉन्ट मोजत,
आणि दुसऱ्या चौकटीतून आकडा बाहेर आला,
तिसरीतून टोकावरचं ते इवलंसं व्यंजन.

पहिली तशीच.
आफियाबाईंनी डोक्यावर टिंब असलेली अक्षरं
काढलीच नव्हती. "पोरं नाही तरी देतच नाहीत टिंब,"
फोनवर म्हणाल्या, आणि मग गप्प झाल्या.
नुसता त्रिकोण टाकला. आला, कललेला, देखणा.
पण टिंबाशिवाय तू अलुक होतोस,
आणि अलुक नावाचं या गावात कोणी मेलेलं नाही.

साठ प्रती काढल्या.
काळं पेन घेतलं. एकेक पत्रिका पुढ्यात ओढून
त्रिकोणाच्या माथ्यावर एकेक टिंब.
चौतिसाव्या वेळी दार उघडलं, वारं शिरलं,
हात हलला, टिंब जरा मोठं पडलं.
ती प्रत बाजूला ठेवलीय, तुझ्या नातवासाठी.
मंगळवारी झाला. तुझंच नाव दिलंय,
तुझी मुलगी आत्ताच त्याला बाबा म्हणते,
आणि तोही अर्धंच हसतो.

उद्या त्याच्या जन्माचा फॉर्म भरायचाय, याच कंप्युटरवर.
पेन मी खिशातच ठेवलंय.