टाळू

हॅलिफॅक्सच्या चढावर, गालिच्यांच्या दुकानावरती
एक खोली आहे. जिन्यात ओल्या लोकरीचा वास.
पावणेदहाची वेळ मिळाली, कुणीतरी रद्द केली म्हणून.
पंचेचाळीस पौंड. रोख दिले तर चाळीस.

मिहिका चौदा महिन्यांची.
चौदा महिन्यांत सलग तीन तास
तिने एकदाच झोपून दाखवलंय,
तेही मोटरवेवर, लॉरी उलटून रस्ता तुंबला तेव्हा.
आम्ही दोघं पुढे बसलेलो, श्वास धरून,
रस्ता इतक्यात मोकळा होऊ नये म्हणून.

हेल्थ व्हिजिटर म्हणाली, रडू द्या.
फार्मसीतला म्हणाला, दात.
जळगावहून मावशी म्हणाली, टाळू भरतेस का रोज?
मग मीठमोहऱ्या ओवाळायला लावल्या.
तव्यावर टाकल्या तर स्मोक अलार्म असा ठणाणला
की खालच्या मजल्यावरचे मिस्टर ऑग्डन
पायजम्यावर कोट चढवून थेट रस्त्यावर.
दृष्ट बहुधा त्यांचीच निघाली.
त्यानंतर छान झोप लागली म्हणे त्यांना.

मी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते. पोटापाण्याचा उद्योग तो.
एकाचा नमुना म्हणजे नमुना नव्हे
हे मी झोपेतही सांगेन, झोप असती तर.
कवटीची हाडं श्वास घेतात, असं पत्रकात छापलं होतं.
त्या वाक्याखाली मी लाल पेनाने रेघ मारली
आणि फोन लावला.

बाईंचं नाव रोझलिंड. साठीच्या असाव्यात.
हात गरम पाण्याखाली धरले, खूप वेळ,
मग मिहिकाच्या डोक्याखाली सरकवले.
दूध तापताना कशी बाई पातेल्यापाशी उभी असते,
काही करत नाही, पण तिला हलताही येत नाही,
तशा.

काय करताय, मी विचारलं.
फारसं काही नाही, त्या म्हणाल्या. ऐकतेय.
बाहेर बस चढावर गिअर बदलत होती.
मिहिका झोपली नाही, शांतही झाली नाही,
त्यांच्या चष्म्याची दोरी चोखत राहिली.
मी वेताच्या खुर्चीत, पर्स मांडीवर.

एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा माझ्या अंगावर कुणाची तरी शाल,
हनुवटीवर लाळेचा ओघळ,
घड्याळात अकरा दहा.
रोझलिंड जमिनीवर, मिहिकाच्या हातात दोन लाकडी चमचे,
आणि पुढचा पेशंट, पाठ धरलेला एक प्लंबर,
दाराला टेकून मासिक वाचत होता.
पान उलटत नव्हता, आवाज होईल म्हणून.
उठवलं का नाही मला?
कशाला, प्लंबर म्हणाला.

निरंजन रात्रपाळीहून आलेला, बुटांसकट पायरीवर बसलेला.
काही फरक?
मला की तिला, मी विचारलं नाही.

त्या रात्री ती सव्वाचारपर्यंत झोपली.
दुसऱ्या रात्री दर पाऊण तासाने उठली.
तिसरी रात्र मी लिहून ठेवली नाही.
तक्ता फ्रिजवर तसाच आहे, दोन रकान्यांचा,
त्यावरून काही सिद्ध करू नये कुणी.

आता पहाटेचे तीन.
मी हात गरम करून तिच्या डोक्याखाली नेलाय.
वर, मधोमध, नाण्याएवढा मऊ तुकडा
अजून पुरता भरलेला नाही.
बोटाखाली काहीतरी उडतंय, बारीक, घाई नसलेलं.
काही मागायचं नाही, फक्त ऐकायचं, असं ठरवलंय.
खोटं. मागतेय.

ती डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघते,
हिला काय झालं, अशी.
खाली मिस्टर ऑग्डनांच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो,
अंगणातल्या भिंतीवर पिवळा चौकोन पडतो.
तेही जागेच की.