सगळे दिवे हिरवे

तीन वेळा गेलो मी त्यांच्याकडे.
तिन्ही वेळा सकाळी, आणि तिन्ही वेळा
सगळे दिवे हिरवे.

कास्त्रो गावाच्या काठावर
चिखलात खांब रोवून उभी असलेली लाकडी घरं,
त्यांतलं शेवटून दुसरं, पिवळं,
एदुविना मियालोंको यांचं.
राउटरला त्यांनी लोकरीची टोपी विणून घातली होती.
म्हटलं, बाई, हा तापतो, टोपी काढा.
"तापतो? या गावात?"
असं म्हणून त्यांनी चुलीजवळची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

कंपनीने शिकवलेलं सगळं केलं.
बंद करा, तीस मोजा, चालू करा.
त्या आकडे मोजत नाहीत, टाके मोजतात.
सुईवर तीस टाके पडेपर्यंत
मी आणि राउटर, दोघेही मुकाट.
वायर बदलली, चॅनल बदललं,
मायक्रोवेव्हवर संशय घेतला,
तर मायक्रोवेव्ह घरात नव्हताच.
शेवटी वहीत लिहिलं : दोष आढळला नाही.
हे वाक्य मी इतक्या घरांत लिहिलंय
की माझी सहीसुद्धा त्याच वळणाची झाली आहे.

"पोर पुंता अरेनासला असते," त्या म्हणाल्या,
"जेवणाच्या सुट्टीत फोन लावते. बोलता बोलता
तिचं तोंड उघडंच राहतं,
पापणी अर्धी मिटलेली,
आणि मग ते चाक फिरायला लागतं.
मी चाकाशी बोलत नाही."

चौथ्या खेपेला त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं.
मागे पेन्सिलीने :
सोमवारी पावणेबारा. मंगळवारी साडेबारा.
बुधवारी सव्वा.
मग दहा-अकरा दिवस कोरे.
मग पुन्हा.
मी म्हटलं, दुपारी शाळा सुटते,
पोरं खेळ खेळतात, गर्दी होते.
पण गर्दी रोज पाऊण तास उशिरा येत नाही.
हे मला कळायला हवं होतं.
माझा बाप होडीवर होता.

या खेपेला दुपार झाली होती.
फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं.
सकाळी जिथे चिखल असायचा
तिथे पाणी हलत होतं, वर वर येत.
राउटरवरचा एक दिवा लाल झाला.
दुसरा.
बाईंनी पेन्सिल उचलली, घड्याळ पाहिलं.

शेजारच्या लिबोरिओने त्याची होडी दिली.
घराच्या पोटाखाली, शिंपल्यांनी मढलेल्या खांबांमधून
डोकं वाकवून गेलो.
तिसऱ्या खांबाला केबलचा जोड,
प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला,
आणि पिशवीत समुद्र.
लेबलवरचं अक्षर माझंच.
सहा वर्षांपूर्वी, भांगाच्या दिवसांत,
पाणी इतकं वर येत नाही असं समजून
मी तो तिथे जोडला होता
आणि बहुधा शीळ घालत घरी गेलो होतो.

नवा जोड वर घेतला, खिडकीच्या खाली.
बाईंना खरं सांगितलं.
त्यांनी शांतपणे मला भाजलेले बटाटे दिले.
बराच वेळ मीठ मात्र दिलं नाही.

आता उधाण येतं, खांब बुडतात,
दिवे हिरवेच राहतात.

परवा त्यांचा फोन आला. वाटलं, झालं पुन्हा सुरू.
"नाही नाही, चालतंय. चालतंच आहे.
आधी समुद्र तोडायचा.
आता आम्ही दोघी नुसत्या बघत बसतो.
ती ठेव म्हणत नाही, मी ठेवते म्हणत नाही,
बोलायचं तर कधीच संपलेलं असतं.
मग तिकडे कारखान्याचा भोंगा होतो
आणि ती दचकते.
याला काही करता येतं का?"

मी वही उघडली.
लाल बटण असतं बाई, असं सांगणार होतो.
त्याऐवजी विचारलं, टोपी काढली का?

"धुतली आहे," त्या म्हणाल्या.
"वाळली की घालते."