वरची चार शून्यं

मरोळच्या गाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर,
पाण्याचा मीटर टेबलावर उघडा.
आत नखाएवढी चिप.
पासष्ट हजार पाचशे छत्तीस घरं,
तेवढंच तिचं गाव.

गिऱ्हाईक म्हणालं, गळतीची नोंद
वर्षभराची हवी. मावत नाही.
तांडेल म्हणाला, पत्ता लांबव की.
सोळाचे वीस बिट, सोळापट जागा.

केलं.
जागा झाली खरी,
पण आता एकेका पत्त्याला दोन खण लागतात,
हाक मारायला वेळ, परतायलाही वेळ,
आणि चिप, जी डुलकीतून क्षणभर उठून
चाकाचे फेरे मोजून पुन्हा निजायची,
ती जरा जास्तच जागी राहते.
दहा वर्षांचा सेल सव्वासातवर आला.

माझगावच्या आमच्या फोननंबरापुढे
एके दिवशी दोनचा आकडा लागला.
सगळ्यांच्याच लागला, म्हणजे
कुणाचीच ओळख त्यात नव्हती.
आत्या तरी दर वेळी तो फिरवायची,
चकती माघारी येईपर्यंत
ओठांवरचं वाक्य धरून.

आमचे वरचे चार बिट तसेच. बहुतेकदा शून्यं.
शून्य उचलायलाही वीज लागते.

रात्री अकराला बरंचसं परत आखूड केलं.
नोंदी तेवढ्या लांबच्या पत्त्यावर,
क्वचित जाण्याजोग्या, नात्यातल्यासारख्या.
तांडेल विचारतो, उद्या अजून मागितलं तर?

तर डोंगरीत कुणीतरी
मीटरच्या खड्ड्यावरचं झाकण उचलेल,
पावणेतीन वर्षं आधी,
गुडघ्यांवर बसून,
दातांत बॅटरी धरून.