बोक्याच्या नावावर

पाचव्या मजल्यावरून गालिचा उतरवायला
चार पुरुष लागले आणि एक शिवी,
ती हराचनं दिली, जिन्याच्या तिसऱ्या वळणावर.
तीन मीटर बाय चार. डाळिंबी लाल.
लिफ्ट बंद होती. येरेवानमधल्या आमच्या इमारतीत
"लिफ्ट बंद आहे" हे आम्ही
"आज ऊन आहे" म्हटल्यासारखं म्हणतो.

नळ माझा, म्हणून मी हजर.
तळमजल्यावरच्या बाईच्या दारात
साऱ्या अंगणाचं धुणं येऊन पडतं.

आरुस्याकनं पाइप हातात घेतला
आणि समोरच्या गॅलऱ्यांपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,
"मेल्या बोक्यानं म्हातारपणी ताळतंत्र सोडलं!"
बोका तुतीच्या झाडाखाली एक तंगडी वर करून
स्वतःला चाटत होता. नाव जनरल.
त्यानं मान वर केली, पुन्हा कामाला लागला.

आधी थंड पाणी. गरम अजिबात नाही,
गरमानं वास लोकरीत घर करतो
(हे मी तिला सांगितलं; तिला ते माहीत होतंच).
मग व्हिनेगर, पाण्यात निम्म्याला निम्मं,
आणि अर्धा तास गप्प बसायचं,
जे आम्हा दोघींना कधी जमलेलं नाही.
त्या दिवशी जमलं.

कारण गालिचा उलटा केला होता.
पाठीवर चार डाग, पिवळट, थाळीएवढे,
एका ओळीत,
पलंगापासून गॅलरीच्या दाराकडे निघालेले.

मी आयुष्यात तीन बोके पाळले.
बोका कोपरा गाठतो, सोफ्याचा पाय गाठतो,
उभ्यानं चिळकांडी मारतो, हद्द आखतो.
खोलीच्या मधोमध, वाट चुकल्यासारखा,
तो काही करत नाही.
आणि बोक्याचा वास नाकाला झोंबतो. हा जड होता,
त्यात गोळ्यांचा कडूपणा होता.
भावाच्या उशाशी इस्पितळात
मी सव्वीस रात्री काढल्यात. नाक विसरत नाही.

मी वर पाहिलं.
गॅलरीत वाघार्शाक सर बसले होते,
इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.
अर्ध्या अंगणाला त्यांनी भूमिती शिकवली,
हराचला तर दोनदा, त्याच इयत्तेत.
फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढायचे,
आणि खडूची दोन टोकं
बरोब्बर एकमेकांना भेटायची.
त्यांनी हात हलवला. कोणाला, ते कळलं नाही.

आरुस्याक माझ्याकडे बघत होती.
पाइपचं पाणी तिच्या सपातांवरून वाहत होतं,
तिला त्याचं भान नव्हतं.

"बोकेच ते," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.
"माझा शेवटचा तर ह्याहून वाईट होता.
रात्री उठायचा, कुठंही करायचा."
माझा शेवटचा बोका, देव त्याचं भलं करो,
मरायच्या दिवशीसुद्धा मातीच्या पेटीपर्यंत
सरपटत गेला होता.

मग सोडा, मुठीमुठीनं.
मग साबण आणि दोन ब्रश, लवेच्या दिशेनं,
दोघी गुडघ्यांवर, समोरासमोर.
फेस राखाडी, मग गढूळ, मग नुसता फेस.
लाकडी फळीनं पाणी रेटत रेटत
गटारापर्यंत नेलं. ते तुतीची पिकली फळं
सोबत घेऊन गेलं.

संध्याकाळी गालिचा लोखंडी दांडीवर टाकला.
खालून पोरं ठिबकत्या पाण्यातून पळाली.
हराचनं विचारलं, "गेला का वास?"
मी नाक खुपसलं. व्हिनेगर, ओली लोकर,
आणि खाली, खूप खाली, अजून थोडं ते.
"गेला," मी म्हटलं.

आरुस्याकनं सार्डिनचा अख्खा डबा फोडला,
तेलासकट, जनरलच्या पुढ्यात.
त्याच्यावर फोडलेल्या खापराची ही मजुरी असावी.
त्यानं ती डोळे उघडे ठेवून खाल्ली.

"गुरुवारी पुन्हा धुवावा लागेल बहुतेक,"
ती माझ्याकडे न बघता म्हणाली.
"ये," मी म्हटलं. "पाइप काढत नाही मी नळाचा."