स्वतःचा मोबाइल

परिपत्रकात शब्द होता : ‘स्वतःचा’.
सोमवारी बेचाळीस पोरांत निघाले अकरा,
स्वतःचा एकही नाही.

लोकेशचा, भावाचा. भाऊ केळीच्या गाड्या भरतो,
दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारणार :
अडावदहून निघाली का?
भूपेशचा, बापाचा. बाप बँडमध्ये क्लॅरोनेटवर,
रिंगटोनही त्याचीच. अख्खा वर्ग खांद्यातून हलला.

मी फळ्यावर तीन चतुर्थांश काढत होतो.
मागच्या बाकावर थरथरला
चिकटपट्टीनं सांधलेला एक,
आशाताईंचा, हर्षालीनं आणलेला.
“उचलू का सर?”
उचलायचा नाही, हा नियम माझाच.
मी मान हलवली.

“माय घर नही शे, काकू. मी शायमा शे.
पाणी गये का?
कळा किती टाईममा येतस?”
वहीत तिनं वेळ टिपली,
माझ्या उदाहरणाच्या अगदी शेजारी.
मग लोकेशचा फोन ओढला, गाडीला लावला,
रस्ता सांगितला : डीपीपासून डावीकडं,
नाल्याच्या अलीकडं, निळं दार.

तोवर बाकीचे फोन बाकांवर पालथे,
क्लॅरोनेटसुद्धा गप्प.

संध्याकाळी तक्ता भरायचा होता.
रकाना : शैक्षणिक वापर, मिनिटं.
हर्षालीला विचारून
लिहिलं,
बावीस.