वैदीण

दिवसभर चौगुले अण्णांच्या पेढीवर
हळदीच्या पोत्यांची वजनं उतरून घेते.
रात्री साडेदहाला मोबाईल हातात,
काचेवर पिवळा अंगठा उमटतो
नेमका मंत्राच्या बटणावर.

मी वैदीण. मला तलवार नाही.
सगळ्यांच्या मागं उभी राहते,
राक्षसाकडं बघतसुद्धा नाही,
बघते नुसत्या पाच पट्ट्या,
कुठली हिरवी, कुठली लाल होत चाललेली.
राक्षस मेला की नाव हाणणाऱ्याचं.
कुणी पडलं की,
"वैदीण झोपली काय?"

पुढं कायम जतचा बिरुदेव.
ढाल दरवाजाएवढी, अक्कल बेताची.
न विचारता घुसतो.
मी शिव्या घालत त्याला भरत राहते,
काट्यावर शेवटची मूठ टाकावी
तसा एकेक मंत्र जपून.

मंगळवारी तो गुहेच्या तोंडाशीच थांबला.
हलेना.
बाकीचे ओरडले, कंटाळले, गेले.
तासाभरानं अक्षरं आली :
मिरजेत आहे. आईला आत नेलंय.
गेम नुसता चालू ठेवलाय.

मिरज इथून दहा किलोमीटर.
काय लिहावं सुचेना.

त्याची पट्टी काठोकाठ भरलेली.
तरी मंत्र टाकला.
पडद्यावर आलं, गरज नाही.
पुन्हा टाकला.
गरज नाही.
माझी निळी पट्टी रिकामी होईपर्यंत
टाकत राहिले,
हिरवा उजेड त्याच्या ढालीवरून
ओघळून जात होता.

दोन वाजता तो खाली बसला.
मीही बसले.
आत राक्षस कधीचा ताटकळलेला.