डमी

शेडमधला जुना पीसी परवा गेला
आणि त्याच्या पाठीवरचं नऊ पिनांचं दारही गेलं.
आमची सीएनसी लेथ चौऱ्याण्णव सालची,
दुसऱ्या कुठल्या दारातून ती बोलत नाही.
माझा लॅपटॉप तसा जुना, पण तिच्यापुढे पोरसवदा.
त्याला तीनच यूएसबी,
एकात माउस, एकात डोंगल, एक खिळखिळी.

पोपटराव गांगुर्डे अंबडच्या थंडीत
चहाच्या ग्लासवर हात शेकत म्हणाले,
"मॅडम, ती मुकी नाही हो.
तुमच्या डब्याला कान नाही."

मग अ‍ॅक्टिव्हा, मुंबई नाका, एमजी रोड,
गाडी लावायला जागा सोडून सगळं मिळतं तिथे.
जिन्याखाली मुश्ताक कोकणींचं दुकान,
दोन माणसं आली की तिसऱ्याने जिन्यावर थांबायचं.
मी जिन्यावर.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही.
लॅपटॉप कुशीवर वळवला,
डाव्या कडेवर अंगठ्याचं नख टेकवलं.

टक्.

कड बाहेर आली.
दोन बोटं रुंद काळी प्लास्टिकची पट्टी,
तिला ना तांबं, ना अक्षर.
"हे काय?"
"डमी. धूळ जाऊ नये म्हणून."

सहा वर्षं
मी तिला भिंत समजत होते.
सीबीएसवर कुणीतरी खिडकीतून
सीटवर रुमाल टाकावा
आणि मग गाडीत चढूच नये,
आणि आपण शेजारी बसून
सटाण्यापर्यंत त्या रुमालाचा मान राखावा,
तसं.

खोक्यात हात घालून, केबलींचा गुंता बाजूला सारून
त्यांनी एक कार्ड काढलं.
"साडेआठशे. वापरलेलं आहे,
पण पिन एकही वाकलेली नाही. मोजून घ्या."
मी मोजल्या. वर पाच, खाली चार.
कार्ड आत सरकलं, शेवटी जरा अडलं,
मग बसलं.

शेडमध्ये परत आले तर दुपारची पाळी लागलेली.
केबल जोडली. प्रोग्रॅम सोडला.
लेथच्या पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं, चौकोन,
अनोळखी गावात पत्ता विचारल्यासारखं.
वेग बदलला. पुन्हा चौकोन.
मॅन्युअल तर माझ्या आधीच्या साहेबांच्याही आधी हरवलेलं.

पोपटरावांनी खिशातून डायरी काढली,
रबर लावलेली, तेलाने पारदर्शक झालेली.
"अठ्ठेचाळीसशे. सात बिट. सम पॅरिटी. दोन स्टॉप."
अक्षर कुणाचं?
"माझंच. कंपनीचा माणूस आला होता तेव्हा
त्याच्या मागे उभा राहून उतरवलं."
कधी बोलला नाहीत.
"कुणी विचारलं कुठे?"

आकडे भरले.
हिरव्या पडद्यावर ओळ उतरली, मग दुसरी,
वाती वळाव्यात त्या गतीने.
तीनशे बारा ओळी.
आम्ही दोघं उभे होतो, मध्ये चहा गार होत गेला.
दोनशेच्या आसपास पोपटराव म्हणाले, "ऐकतेय,"
आणि चक साफ करायला गेले.

डमी त्यांनीच मागून घेतली.
त्यांच्या टेबलाचा एक पाय डुगडुगायचा.

कार्ड मात्र कडेतून अंगठाभर बाहेर राहतं.
लॅपटॉप बॅगेत तिरका ठेवावा लागतो
आणि चेन पूर्ण लागत नाही.
गरवारे पॉइंटच्या सिग्नलला
मी एक हात मागे नेऊन
ती उघडी फट चाचपते.